थंडोबाचं नेलपॉलिश

त्या गल्लीत एक बातमी पसरली होती, आणि तिला पसरायला सकाळच्या चहापासून दुपारच्या चहापर्यंत एवढाच वेळ लागला होता: फ्रिज दुरुस्त करणाऱ्या थंडोबाने घरात बाई आणून ठेवली आहे.

बातमीला पुरावे होते. नुसत्या ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायला ती गल्ली काही एवढी भोळी नव्हती. पुरावे समोरच्या मेडिकलवाल्याने पुरवले होते, तेही तारीखवार. सोमवारी थंडोबाने पेट्रोलियम जेलीच्या दोन मोठ्या डब्या नेल्या. बुधवारी आणखी दोन. शुक्रवारी बिनरंगाचं नेलपॉलिश. पुढच्या सोमवारी पुन्हा नेलपॉलिश, आणि सोबत ते पुसायचं रिमूव्हर. "लावते काय, पुसते काय," मेडिकलवाला काउंटरवर कोपर टेकून गिऱ्हाइकांना सांगायचा, "बाई हौशी दिसतेय." आणि सगळ्यावर कळस म्हणजे गुरुवारी थंडोबा विजेच्या सामानाच्या दुकानातून हेअर ड्रायर घेऊन आला. आता थंडोबाचं डोकं असं, की माशी बसली तर घसरून कानावर यावी. त्या डोक्यावर गेल्या पंधरा वर्षांत कुणी केस पाहिला नव्हता. मग ड्रायर कुणासाठी?

राहिलेली कसर वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी भरून काढली. दुपारी तीनच्या सुमारास थंडोबाच्या मागच्या खोलीतून त्यांनी बाईमाणसाचं हसू ऐकलं होतं, स्वतःच्या कानांनी. आणि पाठोपाठ शब्द: "बास, बास! आता सोड!" मास्तरीणबाई शाळेत गणित शिकवायच्या. दोन आणि दोन किती, हे त्यांना विचारायची गल्लीत कुणाची टाप नव्हती.

थंडोबा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. चौतीस वर्षं फ्रिज आणि एसी दुरुस्त करण्यात गेली, त्यामुळे अर्धं नाव धंद्याने दिलं आणि उरलेलं अर्धं स्वभावाने. माणूस कधी घाई करायचा नाही, कधी आवाज चढवायचा नाही. त्याची बायको होती तेव्हा म्हणायची, "ह्यांना सांगितलं आग लागलीय, तर आधी विचारतील, कोणत्या कंपनीची?" ती जाऊन नऊ वर्षं झाली होती. पुढे दुकान, मागे एक खोली आणि मोरी, एवढा थंडोबाचा संसार. दुकानात उघडे पडलेले फ्रिज, भिंतीला टांगलेली तांब्याच्या नळ्यांची वेटोळी, गॅसच्या टाक्या आणि एक स्टूल. त्या स्टुलावर बसून तो कॉम्प्रेसरला कान लावायचा आणि नुसत्या घरघरीवरून आतलं दुखणं सांगायचा.

पण दुखणी सांगून घ्यायला आता कुणी येईना. लोक बिघडलेला फ्रिज दुरुस्त करत नाहीत, बदलतात. पूर्वी दिवसाला सहा घरं व्हायची, आता आठवड्याला दोन झाली तरी खूप. आणि दुसऱ्या शहरातली लेक दर रविवारी फोनवर तोच राग आळवायची.

"बाबा, बास झालं आता. इकडे या."

"येऊन काय करू?"

"नातू आहे, टीव्ही आहे, छान बाल्कनी आहे."

"बाल्कनीत काय करू?"

"बसा."

"मग?"

"मग काय? बसा!"

लेकीची माया कळत नव्हती असं नाही. पण त्या "बसा"चा त्याने धसका घेतला होता. चौतीस वर्षं तो बसला होता, पण ते कॉम्प्रेसरपुढे. बाल्कनीत कुणाला कान लावायचा? शेवटी घासाघीस होऊन एक करार ठरला. या महिनाअखेरपर्यंत धड, रोजचं काम मिळालं नाही, तर थंडोबाने शटर ओढायचं, हत्यारं विकायची आणि लेकीकडे जायचं. थंडोबाने शब्द दिला, आणि शब्द तो मोडायचा नाही.

त्याच महिन्याच्या सुरुवातीला त्याला गावाबाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीतून बोलावणं आलं. तिथे मदरबोर्ड तयार करणाऱ्या एका कंपनीची प्रयोगशाळा होती. बोर्ड गारठ्यात कसा चालतो ते पाहायची कपाटाएवढी एक पेटी तिथे होती, आणि ती गारठायची थांबली होती. थंडोबा दाराच्या रबराची फट शोधत असताना शेजारच्या टेबलावरून आरोळी आली.

"मेला! मेला!"

हातातला पाना टाकून थंडोबा धावला. पाहतो तर माणसं सगळी जिवंत. दोन तरुण इंजिनिअर डोक्याला हात लावून एका काळ्या पडद्याकडे बघत होते, आणि टेबलावर एक मदरबोर्ड उघडावाघडा पडला होता. त्याला ना पेटी, ना झाकण. काळाभोर, जाडजूड, कडेने बोटभर उंचीचे धातूचे पंख. कोपऱ्यात नखाएवढी एक खिडकी, तिच्यात दोन लाल आकडे. मधोमध प्रोसेसर आणि त्याच्या डोक्यावर भलामोठा पंखा.

"मेलं कोण?" थंडोबाने विचारलं.

"मशीन, काका. पाच पॉइंट एकला बंद पडलं."

मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं. प्रोसेसरला कंपनीने बांधून दिलेली एक चाल असते, याला चार पॉइंट दोन गिगाहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला चार अब्ज वीस कोटी ठोके. हौशी लोक त्याला त्याहून जोरात पळवतात. त्याचं नाव ओव्हरक्लॉकिंग. जोरात पळवायचं तर वीज जास्त पाजावी लागते. वीज जास्त प्याला की तो तापतो, आणि तापला की पडला तोंडघशी.

"म्हणजे थंड ठेवला तर आणखी पळेल?" थंडोबाने विचारलं.

"पळेल की."

"मग ठेवत का नाही?"

"ठेवतोय ना, काका! हा पंखा बघा केवढा आहे."

थंडोबाने पंखा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "हा? अहो, असला वारा तर माणूस जेवण झाल्यावर घेतो."

पोरं हसली, पण पाठीमागे उभी असलेली प्रयोगशाळेची साहेबीण हसली नाही. तिने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, प्रदर्शनाच्या हॉलमध्ये स्पर्धा. बोर्ड एकाच जातीचा, प्रोसेसर एकाच जातीचा, थंडावा ज्याचा त्याचा. चाळीस मिनिटांत चाचणी एकाच वेगाने ओळीने तीनदा पुरी करायची, ज्याचा वेग जास्त तो जिंकला, आणि मध्ये मशीन बंद पडलं की पहिल्यापासून मोजायचं. आणि खाली बारीक अक्षरांत: प्रयोगशाळेला थंडाव्याच्या कामासाठी एक कायमचा माणूस हवा आहे, तो याच स्पर्धेतून घेण्यात येईल.

थंडोबाने तो कागद तीन वेळा वाचला. मग फॉर्म वाचला. फॉर्मवर वयाचा रकाना नव्हता.

आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदाच थंडोबाच्या छातीतला कॉम्प्रेसर असा काही धडधडला, की त्याला वाटलं शेजारच्यांना ऐकू जाईल. परत येताना तो चक्क जिना धावत उतरला. काखेत होता सरावासाठी मिळालेला, प्रोसेसरसकट एक जुना बोर्ड. त्यातली मेमरीची एक खाच मेलेली होती, बाकी ठणठणीत.

बोर्ड घरी आला, पण थंडोबाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. थंडी कशी करायची ते त्याला झोपेतही जमलं असतं, पण ती नेमकी लावायची कुठे? दोन दिवस तो बोर्ड दुकानाच्या टेबलावर नव्या सुनेसारखा कौतुकाने मांडलेला होता, आणि त्याला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. तिसऱ्या दिवशी रेडिओताई आल्या.

रेडिओताई सत्तरीला टेकलेल्या, अंगाने काडी, जीभ मात्र सुरी. सव्वीस वर्षं त्यांनी रेडिओच्या कारखान्यात डाख देण्याचं काम केलं होतं. रोज शेकडो सांधे, एकही कच्चा नाही. आता घरचे म्हणायचे, आराम करा. आराम करून करून ताईंचा जीव मेटाकुटीला आला होता. त्या आल्या होत्या फ्रिजच्या दाराचं रबर बघायला. नजर टेबलावर गेली आणि रबर राहिलं बाजूला. पिशवीतून चष्मा निघाला.

"अरे थंडोबा! हे काय आणलंस?" आणि वर्तमानपत्र वाचावं तसा त्यांनी बोर्ड वाचायला सुरुवात केली. "हे बघ, वीज इथून आत येते. इथे हे सोळा डबे दिसतायत ना? यांतून ती गाळून, मोजून, बारीक करून प्रोसेसरला भरवतात. भरवणाऱ्यालाच घाम फुटतो, म्हणून त्याच्या डोक्यावर हे पंख. वा! काय सुबक काम केलंय मेल्यांनी!"

"ताई, तुम्हाला कळतं हे?"

"न कळायला काय झालं? तेव्हा आमची वस्ती विरळ होती, इथे दाटीवाटी आहे. रस्ते तेच."

त्या दिवसापासून दुपारी दोनला रेडिओताई मागच्या बोळातून मागच्या खोलीत हजर. घरी सांगायचं, वाचनालयात चालले. थंडोबाने एका मोडक्या खिडकी-एसीचा कॉम्प्रेसर काढला, तांब्याचा एक ठोकळा आतून पोखरला, त्यात नळ्या जोडल्या, गॅस भरला. फ्रिजमध्ये जी थंडी सगळ्या कपाटभर पसरते, ती त्याने काडेपेटीएवढ्या ठोकळ्यात कोंडली. तो ठोकळा प्रोसेसरच्या डोक्यावर बसवायचा. बसवताना थंडोबाने दोन्ही हातांनी दाबून धरायचं आणि ताईंनी चार कोपऱ्यांचे चार स्क्रू पिळायचे. दाब पुरेसा झाला की ताई ओरडायच्या, "बास, बास! आता सोड!" आणि थंडोबाचा घामेजलेला चेहरा बघून त्यांना हसू फुटायचं. मास्तरीणबाईंनी ऐकलं ते एवढंच. हिशोब बरोबर, उदाहरण चुकलं.

आता थंडी म्हटली की पाणी आलंच. गार बाटलीला बाहेरून जसा घाम सुटतो, तसा गार बोर्डालाही सुटतो. आणि पाणी आणि वीज म्हणजे दोन भांडखोर जावा, एका ओट्याशी आल्या की ठिणगी उडालीच म्हणून समजा. त्यावर उपाय प्रयोगशाळेतल्या पोरांनी सांगितला होता: बोर्डावरच्या बारीक भागांवर बिनरंगाच्या नेलपॉलिशचा हात फिरवायचा, प्रोसेसरच्या भोवतीच्या फटी पेट्रोलियम जेलीने लिंपायच्या, आणि दर चाचणीनंतर हेअर ड्रायरने सगळं सुकवायचं.

पहिला हात थंडोबाने मारला. त्याचा अंगठा असा, की एकदा टेकवला तर खाली दहा भाग दिसेनासे व्हावेत. नेलपॉलिशचा थेंब नको त्या खाचेत गेला.

"आण इकडे!" ताईंनी कुंचला हिसकावला. "आणि रिमूव्हर घेऊन ये. तुझ्या हाती रंगवायला भिंत द्यावी, बोर्ड नाही."

मग त्या रंगवायला बसल्या. हात थरथरत नव्हता, श्वास हलत नव्हता. तांदळाच्या कणीएवढ्या एकेका भागावर एकेक टिंब. थंडोबा बाजूला उभा राहून बघत होता. चांगला कारागीर दुसऱ्या कारागिराचा हात बघतो तेव्हा तोंडातून शब्द काढत नाही. 

दुसऱ्या दिवशी ताई आल्या त्या गालात हसत.

"काय रे थंडोबा, बाई ठेवलीयस म्हणे?"

थंडोबाच्या हातातली नळी पडली. "कोण म्हणतं?"

"काल आमच्याकडे जेवताना निघाला विषय. नखं रंगवते, केस वाळवते, अंगाला जेली लावते. कशी आहे रे दिसायला?"

"ताई, तुम्ही पण!"

"मी म्हटलं, असेल बाई कुणी. सुंदर असेल. आणखी दोन घास खाल्ले मी त्या भरात."

"अहो, पण तुम्ही खरं सांगायचं ना!"

"आणि माझं वाचनालय बंद करून घेऊ? गप बैस. दाब ठोकळा."

त्या दुपारी पहिल्यांदा सगळं जमलं. खोलीत चौतीस अंश उकाडा, आणि तांब्याचा ठोकळा उणे अडतीसवर. ठोकळ्यावर हिमाचा पांढराफटक थर जमलेला. ताईंनी बायोसमध्ये, म्हणजे मशीन जागं होताना दिसणाऱ्या सेटिंगच्या पानावर, पोरांनी लिहून दिलं होतं तसा आकडा वाढवला. पाच पॉइंट शून्य. चाचणी पार. पाच पॉइंट तीन. पार. विजेच्या डब्यांवरचे पंख कोमट झाले, तर ताईंनी आपल्याकडचा टेबलफॅन तिकडे वळवला. पाच पॉइंट सहा! पडद्यावरची हिरवी पट्टी सरकत होती. थंडोबा चक्क नखं खात होता, रेडिओताई सुनेला दरडावावं तशा पट्टीला दरडावत होत्या, "चल, चल पुढे, थांबू नकोस, चल म्हणते ना!" पट्टी टोकाला पोहोचली आणि थंडोबाने अशी आरोळी ठोकली, की वरच्या मजल्यावर मास्तरीणबाईंच्या हातातली उत्तरपत्रिका फाटली.

रविवारी हॉल गजबजला होता. चौदा टेबलं, चौदा मशीनं. कुणी रंगीत पाणी नळ्यांतून फिरवत होतं, कुणी बोर्डाला निळे-जांभळे दिवे लावले होते. एका जोडगोळीने कोरड्या बर्फाच्या पेट्या आणल्या होत्या, त्यांच्या टेबलावरून पांढरा धूर खाली सांडत होता. आणि कोपऱ्यात एक टक्कल पडलेला माणूस, एक काडीएवढ्या ताई, आणि त्यांच्यामध्ये गंजक्या चौकटीवर बसवलेला खिडकी-एसीचा कॉम्प्रेसर. आतली उष्णता बाहेर टाकणारा जाळीदार मोठा कंडेन्सर मागे उघडा.

"काका, भाजी ठेवायला आणलाय का?" शेजारच्या टेबलावरून प्रश्न आला.

"हो," रेडिओताई म्हणाल्या. "तुमची शिजली की द्या इकडे, ठेवू."

शिट्टी वाजली. थंडोबाने कॉम्प्रेसर सुरू केला. हॉलमध्ये एसी जोरात, हवा अठरा अंशांची. उणे वीस. उणे पस्तीस. उणे पंचेचाळीस! घरी हा आकडा कधी दिसला नव्हता. थंडोबाचे डोळे चमकले. उणे एक्कावन्न! "ताई, आज सहाच्या वर नेऊ!"

ताईंनी बोर्डावरचं बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.

पुन्हा दाबलं. काळा. बोर्डावरच्या त्या नखाएवढ्या खिडकीत तेच दोन लाल आकडे येऊन थिजले होते. पाच मिनिटं गेली. पलीकडे कोरड्या बर्फवाल्यांनी आरोळी ठोकली, "पाच पॉइंट नऊ!" थंडोबाच्या कपाळावर, त्या गार हॉलमध्ये, घाम आला. डोळ्यांपुढे बाल्कनी उभी राहिली. खुर्ची. "बसा."

"पाणी गेलं का आत?" त्याने विचारलं.

ताईंनी वाकून, भिंग लावून एकेक कोपरा पाहिला. "थेंब नाही. माझं नेलपॉलिश आहे ते."

"वीज?"

ताईंनी मीटरच्या दोन सुया लावल्या. "वीज चोख. ताट वाढलंय, पाहुणा पाटावर बसलाय, आणि घास घेत नाहीये."

"मग आणखी थंड करतो. गॅस थोडा..."

"अरे, सगळ्याला एकच औषध काय देतोस? घरी कमी थंड होता तर उड्या मारत होता!"

पंधरा मिनिटं झाली होती. थंडोबाचा गॅसच्या झडपेकडे गेलेला हात हवेतच थांबला. चौतीस वर्षांत त्याने ऐकलेल्या तक्रारींपैकी निम्म्या "थंड होत नाही" अशा होत्या. पण उरलेल्यांत एक नेहमीची होती: "अहो, भाजी दगड होते, दूध गोठतं." आणि त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर असायचं: थर्मोस्टॅट बिघडलाय. थंडी किती, ते ठरवणारं ते छोटंसं बटण. दुसऱ्यांच्या फ्रिजांत त्याने ती हजारोंनी बसवली होती. स्वतःच्या यंत्रात एकही नाही! थंडीच्या हौसेपायी त्याने गाडीला ब्रेकच ठेवला नव्हता. घरच्या उकाड्याने तो ब्रेक आपोआप लावला होता. इथे हवा गार, कंडेन्सरला मोकळं रान, आणि प्रोसेसर पार गारठून बसलेला.

"ताई, ह्याला हुडहुडी भरलीय!"

पण आता थर्मोस्टॅट आणायचा कुठून? आणि कॉम्प्रेसर बंद करून पुन्हा लगेच चालू केला, तर तो अडकून बसणार, हे शेंबडं पोरही सांगेल. थंडोबाने इकडेतिकडे पाहिलं. आणि मग त्याने जे केलं, त्यासाठी आयुष्यभर त्याने घराघरांतल्या बायाबापड्यांचा उद्धार केला होता. फ्रिजच्या मागच्या जाळीवर ओले कपडे वाळत घालणाऱ्यांना तो म्हणायचा, "अहो, त्याचा श्वास कोंडतो, थंडी कमी होते!" थंडोबाने गळ्यापासून खालपर्यंत सर्र बटणं काढली, अंगातला शर्ट उतरवला आणि कंडेन्सरच्या जाळीवर पसरला.

हॉलमध्ये हशा पिकला. बनियनमधला टकला माणूस, आणि शर्ट घातलेलं मशीन. थंडोबाला काही ऐकू येत नव्हतं.

"आकडा सांगा, ताई!"

"एक्कावन्न. एक्कावन्न. पन्नास. अठ्ठेचाळीस! चाललं रे! पंचेचाळीस. बेचाळीस. चाळीस..."

"दाबा!"

ताईंनी बटण दाबलं. लाल आकडे झरझर पळाले. "टिक्" असा एक आवाज, आणि पडदा उजळला. रेडिओताईंनी भर हॉलमध्ये थंडोबाच्या उघड्या दंडावर असा फटका मारला, की तो लाल झाला.

तेवीस मिनिटं उरली होती. आता थंडोबा स्वतःच थर्मोस्टॅट झाला. ताई आकडा वाचणार, थंडोबा शर्टाचं टोक धरून उभा. "एक्केचाळीस." टोक खाली. "सदतीस." टोक वर. "जरा आणखी. बास. बाही सोड खाली!" पाच पॉइंट सहा, पहिली चाचणी पार. ताईंनी आकडा पाच पॉइंट आठवर नेला, थंडोबाला न विचारता. "ताई!" "तू तुझा शर्ट सांभाळ!" बघे गोळा झाले. मघाशी भाजीची चौकशी करणाराच आता आकडे मोठ्याने ओरडत होता. दुसरी चाचणी पार, पण मघाची पाच पॉइंट सहाची होती, ही आठची. ओळीने तीन हव्यात त्या एकाच वेगाच्या. म्हणजे आणखी दोन. पाच मिनिटांना एक.

इतक्यात पलीकडून "मेला!" अशी हाक आली. कोरड्या बर्फवाल्यांचं मशीन तिसऱ्या चाचणीत बसलं होतं. हवेतला ओलावा बोर्डावर गोठला होता, तो वितळून पाणी आत उतरलं होतं. थंडोबाने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. अडतीस. सदतीस. बाही वर. हिरवी पट्टी सरकतेय. दुसरी पार. चाळीस. कॉलर खाली. विजेच्या डब्यांवरचे पंख तापले. ताई एका हाताने पुठ्ठ्याने वारा घालताहेत. अर्धी पट्टी. पाऊण. अख्खा कोपरा श्वास रोखून उभा. आणि पट्टी टोकाला भिडली, तेव्हा घड्याळात दीड मिनिट उरलं होतं.

पाच पॉइंट आठ, ओळीने तीनदा. पाण्याच्या नळ्यांवाला एकजण पाच पॉइंट तीनवर तीनदा पुरा झाला होता. बाकीच्यांच्या तिन्ही चाचण्या पुऱ्या झाल्याच नव्हत्या.

साहेबीण आली. तिने आधी आकडा पाहिला, मग कॉम्प्रेसर, मग शर्ट. शर्टाचं टोक तिने दोन बोटांनी उचललं, तापमान सरकन खाली गेलं. सोडलं, वर आलं. तिने पुन्हा उचललं. पुन्हा सोडलं. लहान मूल दिव्याच्या बटणाशी खेळतं तसं.

"काका," ती शेवटी म्हणाली, "शर्ट घाला आणि सोमवारी कामावर या."

"सोमवार म्हणजे उद्याच?"

"उद्याच. येताना थर्मोस्टॅट आणा."

थंडोबा हसायला लागला तो थांबेना. वाफ कोंडलेल्या कुकरचं झाकण उघडावं तसा माणूस सुटला होता. ताईंनी त्याला शर्ट घालायला लावला. बटणं दोनदा चुकली. बाहेर पायरीवर येऊन त्याने लेकीला फोन लावला.

"बाबा, महिना संपला हं. तिकीट काढू ना?"

"काढ. तुमचं तिघांचं काढ. सुट्टीत इकडे या."

"म्हणजे काम मिळालं? कसलं?"

"थंड करायचं."

"तेच?"

"तेच गं! पण आता भाजी नाही, पाच पॉइंट आठ!"

"बाबा, तुम्ही ओरडताय का?"

"हो!" थंडोबा ओरडला.

सोमवारी सकाळी तो डबा घेऊन निघाला, तेव्हा मेडिकलवाला काउंटरवरून वाकला. "काय काका, आज नेलपॉलिश नको?" थंडोबाने मान हलवली आणि पुढे गेला. गल्लीने ठरवलं, बाई सोडून गेली.

थंडोबाच्या घरी बाई येत होती, हे खरं आहे. ती दुपारी दोन ते पाच मदरबोर्डाला नेलपॉलिश लावायला यायची. ती मेडिकलवाल्याची आई होती.